रीजन्सी काळातल्या खानदानी बायकांची पत्रं वाचताना गॉसिप नीट कसं सोडवायचं: पायरी पायरीने

रीजन्सी म्हणजे इंग्लंडमधला साधारण दोनशे वर्षांपूर्वीचा काळ. ओटीटीवरच्या त्या काळातल्या सीरियल बघून बरेच जण हल्ली मूळ पत्रांकडे वळतायत, चांगलं आहे, पण होतं काय की माणूस पत्र उघडतो, मधलाच एखादा चटपटीत परिच्छेद वाचतो, "अय्या, हिने तिच्याबद्दल असं लिहिलं!" म्हणून स्क्रीनशॉट टाकतो आणि मग कळतं की ती "ती" भलतीच बाई होती. मी स्वतः दोन आठवडे एक एक्सेल भरत होते ज्यात दोन वेगवेगळ्या कॅरोलाइन एकाच ओळीत बसल्या होत्या. सगळं पुसून परत केलं. तर तुमचे ते दोन आठवडे वाचावेत म्हणून हे सगळं लिहितेय.

उदाहरणासाठी एकच गोतावळा धरते, डेव्हनशर हाउसचा, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकच्या लंडनमधल्या घराचा. ड्यूकची मुलगी हॅरिएट कॅव्हेंडिश, घरात हिला "हॅरी-ओ" म्हणत, जन्म १७८५ चा, आणि तिची थोरली बहीण जॉर्जियाना म्हणजे लेडी मॉरपेथ, जिला हॅरी-ओने लग्नाआधीपासून ते पुढे कित्येक वर्षं पत्रांचा रतीब घातला. या पत्रांचे दोन छापील भाग १८९४ मध्ये निघाले, १८१० ते १८४५ ची पत्रं आहेत त्यात, आणि इंटरनेट अर्काइव्हवर ते फुकट वाचायला मिळतात. लग्नाआधीच्या पत्रांचं वेगळं पुस्तक आहे, १९४० चं. सुरुवातीला एवढं भरपूर झालं.

## १. बसण्याआधीची तयारी

चार गोष्टी हाताशी ठेवा. एक, पत्रांची आवृत्ती, शक्यतो प्रस्तावनेसकट. दोन, पीअरेज, म्हणजे उमरावांच्या वंशावळीचं पुस्तक, जुन्या आवृत्त्या ऑनलाइन सापडतात. तीन, कुठल्याही सालाचा वार काढून देणारं कॅलेंडर. चार, एक वही, हो कागदाचीच, कारण नावं बदलत जातात आणि खाडाखोड करायला वही बरी पडते.

वहीत प्रत्येक माणसाला एक पान द्या. पानावर जन्म, लग्न, मृत्यू, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणतं नाव. हा शेवटचा रकाना लोक भरत नाहीत आणि तिथेच आपटतात.

⚠️ प्रस्तावनेतला वंशवृक्ष फोटो काढून ठेवला म्हणजे तयारी झाली असं नाही. तो स्वतः हाताने एकदा काढा. हात चालला की डोक्यात बसतं.

## २. आधी माणसं ओळखा, मग बातमी

ही सगळ्यात मोठी पायरी आहे, घाई करू नका.

"लेडी" दोन प्रकारच्या. लेडी + पहिलं नाव (लेडी हॅरिएट, लेडी एलिझाबेथ) म्हणजे ड्यूक, मार्क्विस किंवा अर्ल (उमरावांचे वरचे तीन किताब) यांची मुलगी. लेडी + आडनाव किंवा किताब (लेडी मेलबर्न, लेडी कूपर) म्हणजे नवऱ्याकडून आलेलं नाव. म्हणून लेडी एलिझाबेथ फॉस्टरचा नवरा साधा मिस्टर फॉस्टर असूनही ती "लेडी एलिझाबेथ", कारण बाप अर्ल. नुसतं "मिस अमुक" म्हणजे त्या घरातली थोरली अविवाहित मुलगी, आणि तिचं लग्न झालं की धाकटी "मिस अमुक" होते. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने तेच नाव, बाई दुसरी.

एकाच माणसाची चार नावं. हॅरी-ओच बघा. लेडी हॅरिएट कॅव्हेंडिश. डिसेंबर १८०९ मध्ये लग्न झालं की लेडी हॅरिएट ल्यूसन-गोर (स्पेलिंग बघून "लेव्हसन-गॉवर" लिहू नका, उच्चार ल्यूसन-गोर). १८१५ ला नवरा व्हायकाउंट झाला की लेडी ग्रॅनव्हिल. १८३३ ला तो अर्ल झाला की ती काउंटेस, पण बोलताना परत लेडी ग्रॅनव्हिलच. आणि खरी गंमत नवऱ्याची आहे: १८१५ च्या आधीही तो "लॉर्ड ग्रॅनव्हिल" आणि नंतरही "लॉर्ड ग्रॅनव्हिल". आधी ग्रॅनव्हिल हे त्याचं पाळण्यातलं नाव होतं, मार्क्विसचा धाकटा मुलगा म्हणून पुढे लॉर्ड लागत होतं, आणि नंतर तोच त्याचा किताब झाला. त्याच्या नावावरून तारीख काढायला जाल तर फसाल, बायकोच्या नावावरून काढा.

एका नावाची चार माणसं. जॉर्जियाना: आई (डचेस), थोरली मुलगी (लेडी मॉरपेथ, घरात "लिटल जी"), आणि हॅरी-ओची स्वतःची मुलगी. वरून आजी, म्हणजे थोरल्या लेडी स्पेन्सर, त्यांच्याही नावात जॉर्जियाना. हॅरिएट तीन: मावशी लेडी बेसबरो, भाची हॅरी-ओ, आणि हॅरिएट स्ट्यूअर्ट, तिच्याकडे येतेच पुढे.

आणि माझ्या त्या दोन कॅरो. एक कॅरोलाइन पॉन्सन्बी, लेडी बेसबरोची मुलगी, जिचं पुढे कवी बायरनशी ते सगळं प्रकरण झालं, १८०५ मध्ये विल्यम लॅम्बशी लग्न. दुसरी कॅरोलाइन सेंट ज्यूल्स, १८०९ मध्ये विल्यमच्या भावाशी, जॉर्ज लॅम्बशी लग्न. म्हणजे सख्ख्या जावा आणि दोघींचं नाव तेच, त्यामुळे घरचेच लोक "कॅरो विल्यम" आणि "कॅरो जॉर्ज" म्हणायचे. आपल्याकडे एका वाड्यात दोन सुमनताई असल्या की "वरच्या सुमनताई", "मागच्या सुमनताई" होतं ना, तसंच. आता हॅरी-ओच्या बाजूने पाहा: कॅरो विल्यम तिची मावसबहीण. कॅरो जॉर्ज ही कागदोपत्री कोणीच नाही, प्रत्यक्षात तिच्या वडिलांची लेडी एलिझाबेथ फॉस्टरपासून झालेली मुलगी, म्हणजे सावत्र बहीण. पत्रात नुसतं "कॅरो" आलं की थांबा. शेजारी "विल्यम" आहे की "जॉर्ज", कोणाच्या आईचा उल्लेख आहे, मुक्काम कुठे आहे, हे बघितल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

✔ तपासा: पत्रातल्या प्रत्येक नावापुढे तुम्ही "हिची कोण" असं मराठीत लिहू शकता का? मावसबहीण, मामेबहीण, नणंद, जाऊ? जिथे लिहिता येत नाही तिथे तुम्हाला माणूस कळलेला नाही.

## ३. तारीख लावा

या बायका पत्रावर बऱ्याचदा नुसतं "गुरुवार रात्र" लिहितात. साल नाही, महिना नाही. मोडी पत्रं वाचणाऱ्यांना हे दुखणं नवीन नाही, तिथेही नुसता चंद्र (मुसलमानी महिन्यातला दिवस) दिलेला असतो आणि साल आपण शोधत बसतो.

उमेदवार तारखा काढायच्या आणि एकेक बाद करत जायचं. सगळ्यात कामाची खूण म्हणजे कोणाला काय म्हटलंय. याच घरातलं उदाहरण: "डचेस" कोण?

- ३० मार्च १८०६ पर्यंत: जॉर्जियाना, म्हणजे आई. त्या दिवशी ती वारली.
- तिथून ऑक्टोबर १८०९ पर्यंत: डेव्हनशर हाउसला डचेसच नाही. लेडी एलिझाबेथ घरात आहे, पण ती "लेडी ई.", आणि यजमानीण खरं तर मुलगी हॅरी-ओ व्हायला हवी होती, पण ती जागा हिने घेतली, आणि हॅरी-ओला ही बाई अजिबात चालत नव्हती.
- ऑक्टोबर १८०९ पासून: ड्यूकने लेडी एलिझाबेथशी लग्न केलं, आता डचेस तीच. जुलै १८११ मध्ये ड्यूक गेला की ती विधवा डचेस, आणि किताब हॅरी-ओच्या भावाकडे, "हार्ट" कडे, ज्याने शेवटपर्यंत लग्नच केलं नाही.

म्हणजे घरच्या पत्रात डेव्हनशरची डचेस जिवंत, घरात वावरताना दिसली आणि संपादकाने खाली १८०८ टाकलं असेल तर संपादक चुकलाय. (दुसऱ्या घरच्या डचेस येतात-जातात, त्या आधी वगळा.)

मग सार्वजनिक घटना. वॉटर्लू (नेपोलियनच्या पराभवाची लढाई) १८ जून १८१५, रविवार. राजकन्या शार्लटचं लग्न २ मे १८१६, ती बाळंतपणात गेली ६ नोव्हेंबर १८१७, दोन्ही गुरुवार. पण जपून, बातमी पत्रात येते ती पोचते तेव्हा. वॉटर्लूची खबर लंडनला २१ जूनच्या रात्री आली, त्यामुळे १९ तारखेचं लंडनचं पत्र निवांत असेल तर त्यात संशयास्पद काही नाही.

⚠️ मूळ कागदाच्या वॉटरमार्कमध्ये साल दिसलं तर ते कागद बनल्याचं साल. पत्र त्या सालचं किंवा नंतरचं, एवढंच सिद्ध होतं.

## ४. कागद वाचा (स्कॅन असेल तर)

छापील पुस्तकच वापरत असाल तर ही पायरी उडी मारून गेलात तरी चालेल, पण एकदा करून बघाच. एक फुलस्केप घ्या, मधोमध दुमडा, चार पानं झाली. तीन पानं लिहा. चौथ्या पानाचा मधला चौकोन मोकळा सोडा, त्याच्या वर-खाली लिहा. आता बाजू आत दुमडून एकात एक खोचा, मोकळा चौकोन बाहेर येतो, तिथे पत्ता, आणि मागे लाख. लिफाफा का नाही? कारण टपालखर्च मैलांवर आणि कागदांच्या संख्येवर होता, आणि लिफाफा म्हणजे अजून एक कागद. १८१२ च्या दरांनी १७० ते २३० मैलांना एका कागदाचे ११ पेन्स, म्हणजे लंडनहून यॉर्कच्या बाजूला एवढे, दोन कागद झाले की दुप्पट, आणि पैसे भरायचे ज्याला पत्र येतं त्याने.

म्हणून कागद भरला की तोच कागद आडवा फिरवून आधीच्या ओळींवरून लिहायचं. स्कॅनवर हे जाळ्यासारखं दिसतं आणि लोक सोडून देतात. सोडू नका:

क. आधी एकाच दिशेच्या ओळी वाचा, शेवटपर्यंत. दुसऱ्या दिशेकडे लक्षच द्यायचं नाही.
ख. मग इमेज ९० अंशात फिरवा आणि नव्याने सुरू करा. दिशांची सरमिसळ केलीत तर दोन वाक्यांचं तिसरंच वाक्य तयार होतं, आणि ते नेमकं चटकदार असतं!
ग. समास, घडीच्या कडा आणि पहिल्या पानाचा माथा उलटा करून बघा. पत्र मिटता मिटता आठवलेली गोष्ट तिथे कोंबलेली असते आणि माझ्या अनुभवात सगळ्यात खाजगी ओळ तिथेच सापडते.
घ. लाखेजवळ कागद फाटलेला असेल तर तिथले शब्द गेले. अंदाजाने भरलेत तर चौकटी कंसात भरा.

लाख काळी असेल तर घरात सुतक आहे, मजकूर वाचण्याआधीच एक बातमी मिळाली.

आणि पत्ता पुरुषाच्या अक्षरात का असतो? खासदार आणि लॉर्ड लोकांना ठराविक पत्रं फुकट पाठवता यायची, अट अशी की पत्ता, गाव आणि पूर्ण तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायची. म्हणजे आत बाईने "गुरुवार" एवढंच लिहिलंय आणि बाहेर कुणीतरी खासदार महाशय साल-महिन्यासकट तारीख टाकून गेलेत. तिसऱ्या पायरीवर डोकं फोडण्याआधी बाहेरची बाजू बघा म्हणते ती यासाठी. छापील आवृत्त्यांत हा भाग सहसा नसतो.

## ५. पहिलं वाचन कोरडं करा

गॉसिप बाजूला. कोण कुठे आहे, कोण आजारी, कोण बाळंतीण, कोण जेवायला होतं एवढंच टिपा. त्या काळचे काही शब्द आज भलतेच अर्थ देतात, ते आत्ताच निपटा.

"मॉर्निंग" म्हणजे जेवणापर्यंतचा सगळा वेळ, आणि जेवण संध्याकाळी सहा-सातला, त्यामुळे "मॉर्निंग कॉल" दुपारी तीनला असू शकतो. "मेकिंग लव्ह" म्हणजे गोड गोड बोलणं, मागे लागणं, बस्स एवढंच. यावरून लोकांनी काय काय थिअऱ्या मांडल्यात! "फ्रेंड्स" म्हणजे पुष्कळदा घरची वडीलधारी माणसं, "तिच्या फ्रेंड्सना स्थळ पसंत नाही" म्हणजे मैत्रिणींना नव्हे. "कन्फाइन्ड" म्हणजे बाळंतीण, कोणी कोंडून घातलेलं नाही. "कट" म्हणजे समोर दिसूनही ओळख न दाखवणं, आणि ती फार मोठी बातमी असायची. मधेच फ्रेंच आलं की तिथे रेघ मारा, नाजूक मजकूर बरेचदा फ्रेंचमध्ये सरकतो.

आणि "सिस्टर". इथे मराठी माणूस हमखास घसरतो कारण आपल्याकडे नणंद, जाऊ, भावजय, मेहुणी सगळ्यांना वेगळे शब्द आणि त्यांच्याकडे सरसकट "सिस्टर", तसंच सासूला "मदर". कॅरो जॉर्जने "माय सिस्टर" लिहिलं तर ती जाऊ असू शकते, म्हणजे कॅरो विल्यम, किंवा नणंद, म्हणजे लेडी कूपर. "बहीण" लिहून मोकळं होऊ नका.

## ६. आता गॉसिपला प्रत लावा

प्रत्येक बातमीपुढे एक अक्षर: प (स्वतः पाहिलं), ऐ (ऐकलं), न (नाकारण्यासाठी सांगितलं), ट (टोमणा किंवा थट्टा). सरावाला हे वाक्य घ्या, मी रचलेलं आहे, खऱ्या पत्रातलं नाही:

> "गुरुवार रात्र. सकाळी कॅरो आली, चारपर्यंत हलली नाही. तिची सिस्टर म्हणते लेडी ए.चं लॉर्ड बी.शी अगदी ठरलं, पण काल जेवताना तो माझ्या शेजारी होता आणि तिच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, सगळं प्रेम कोंबडीवर. हे जी.ला वाचून दाखवू नकोस."

लग्न ठरलं: ऐ, तेही दोन तोंडं फिरून आलेलं (सिस्टर, कॅरो, मग ही). त्याने पाहिलं नाही: प. कोंबडी: ट. आणि शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण ही पत्रं बैठकीत मोठ्याने वाचली जायची, हातोहात फिरायची. "दाखवू नकोस" असं सांगितलेला भाग आणि न सांगितलेला भाग यांची भाषाच वेगळी असते. जिथे सूचना नाही तिथे ती चारचौघांसाठी लिहितेय असं धरा, त्यात शोभेची वाक्यं येणारच.

लोक इथे चूक करतात ती ही की लेखिकेचा टोमणा हाच पुरावा धरतात. हॅरी-ओ विनोदी आहे, एखाद्याला दोन ओळीत उभा सोलते, आणि बहिणीला हसवणं हा निम्मा हेतू असतो. सावत्र आईबद्दलची तिची मतं तर तिच्या रागासकट वाचायची, नुसती मतं उचलायची नाहीत.

✔ तपासा: "ऐ" वाल्या बातमीत मधली माणसं किती? दोनपेक्षा जास्त असतील तर ती अफवा म्हणून नोंदवा, घटना म्हणून नाही.

## ७. ताडून बघा

५ जुलै १८१३, लेडी हीथकोटच्या घरचा बॉल. कॅरो विल्यम आणि बायरन समोरासमोर आले, काहीतरी बोलणं झालं, तिने स्वतःला जखम करून घेतली. एवढं पक्कं. कशाने? कोणी सुरी म्हणतं, कोणी फुटलेला ग्लास, कोणी कात्री. मुद्दाम की धडपडीत, यावरही एकमत नाही. सासू लेडी मेलबर्नचं कथन, स्वतः कॅरोचं कथन आणि तिथे नसलेल्यांची पत्रं शेजारी शेजारी ठेवली की लक्षात येतं, जो जितका लांब त्याचा तपशील तितका रंगीत.

तर क्रम असा: आधी हजर असलेल्यांची पत्रं, मग गैरहजरांची, मग वर्तमानपत्रं (मॉर्निंग पोस्टमध्ये कोण गावात आलं, कुठे पार्टी झाली हे सापडतं). पेपरवाले नावाऐवजी पहिलं अक्षर आणि लांब डॅश द्यायचे. तो डॅश स्वतःच्या मनाने भरू नका.

⚠️ तीन पत्रांत तीच गोष्ट म्हणजे तीन साक्षीदार असं नाही. तिघी त्याच आदल्या रात्री एकाच टेबलावर बसल्या असतील.

## ८. जे नाही लिहिलं ते

ग्रॅनव्हिलचं लग्नाआधी बरीच वर्षं लेडी बेसबरोशी प्रकरण होतं. म्हणजे बायकोच्या सख्ख्या मावशीशी. दोन मुलं झाली, हॅरिएट आणि जॉर्ज स्ट्यूअर्ट, आणि लग्नानंतर ती दोन्ही हॅरी-ओने स्वतःच्या घरात वाढवली. हे माहीत नसताना तिची पत्रं वाचली तर या मुलांचे उल्लेख अगदी साधे, घरगुती वाटतात, शेजारची कोणाची तरी पोरं असावीत तसे. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट पत्रात कधीच समजावून सांगितलेली नसते. म्हणून एखादं मूल कारण न देता घरात दिसू लागलं, एखाद्या नावापाशी वाक्य अर्धं तुटलं, एखादी व्यक्ती महिनोन्‌महिने गायब झाली, की तिथे पान क्रमांक टाकून ठेवा.

पण मौनाचं खापर लेखिकेवर फोडण्याआधी कात्री कोणाची ते बघा. १८९४ ची आवृत्ती तिच्या धाकट्या मुलाने काढलीय. व्हिक्टोरियन काळातला म्हातारा मुलगा आईची पत्रं छापतोय, तो काय काय ठेवेल आणि काय गाळेल तुम्हीच सांगा. टिंबटिंब दिसलं की आधी तो, मग ती. मूळ बघायची असतील तर ग्रॅनव्हिल घराण्याचे कागद लंडनला क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, पीआरओ ३०/२९ या क्रमांकाखाली.

## ९. मराठीत उतरवताना

पोस्ट टाकायची असो की अनुवाद, इतकं करा. नातं शोधून आपला नेमका शब्द वापरा, आणि शोधूनही नक्की झालं नाही तर "सिस्टर" तसंच ठेवा, उगाच "वहिनी" करू नका. "लेडी ई." चं परस्पर "डचेस एलिझाबेथ" करू नका, त्या तारखेला ती जी होती तेच लिहा. प, ऐ, न, ट यातलं अक्षर वाक्यात उतरलं पाहिजे: "तिने पाहिलं", "तिच्या कानावर आलं", "ती थट्टेत म्हणते". दोघी बहिणी एकमेकींना "अगं" म्हणतील, मावशीला "अहो" की "अगं" हे मात्र पत्राचा सूर बघून ठरवा, मी लेडी बेसबरोला "अगं मावशी" केलंय आणि अजून पस्तावले नाहीये.

टाकण्याआधी शेवटचं एकदा नावं शोधा. कुठे नुसतं "कॅरो" राहिलं असेल तर परत दुसऱ्या पायरीवर जा.